प्रार्थनाघरातला कापूस

हे प्रकरण मी याआधी तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा भलतंच काही लिहून उठलो. एकदा आईच्या हातच्या तुरीच्या सोल्यांच्या भाजीवर चार पानं झाली, एकदा शाळेच्या नाटकावर. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या स्मरणिकेसाठी तरुणपणातली एखादी आठवण द्या म्हणाले, तेव्हा आगीची गोष्ट मीच दिली. ती छापून आली आहे. तिच्यात आग विझवणाऱ्यांमध्ये माझं नाव आहे. ते खोटं नाही, मी खरोखर कापूस ओढत होतो. पण आग कोणामुळे लागली हे त्यात नाही. ती माझ्यामुळे लागली होती, आणि तिचा डाग थावरूमामाच्या नावावर पडला. आता माझं वय असं आहे की उद्यावर काही ढकलता येत नाही.

आमचं गाव बोरी अरबपासून दोन कोसांवर. ख्रिस्ती घरं मोजून अकरा, आणि गावाबाहेर बंजाऱ्यांचा तांडा. त्या सालांत आधी अळीनं कापूस खाल्ला, मग पाऊस रुसला, आणि ज्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, खांद्याला लागली त्या वर्षी घ्यायला कोणी नव्हतं. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची, चार दिवस बैल सोडून माणसं गाडीखाली झोपायची, आणि पाचव्या दिवशी कळायचं की बारदाना संपला, भरायला पोती नाहीत, परत जा. मग कापूस घरात यायचा. आमच्या मधल्या खोलीत तो आढ्यापर्यंत रेटून भरला होता. आईनं चूल उचलून अंगणात आणली, चिंचेखाली. घरात कंदील नाही, उदबत्ती नाही, काही नाही. भाकरीचा वास आता बाहेरून आत यायचा, याचं मला लहान मुलासारखं नवल वाटायचं. अंगाला खाज सुटायची. बाबा म्हणायचे, लोकायच्या घरी पाव्हणे येतात, आपल्या घरी कापूस आला, अन् तो काही जायाचं नाव घेत नाही.

कापसानं भरलेल्या घरात आवाज राहत नाहीत. ताट पडलं तरी वाजून थांबायचं, घुमायचं नाही. भिंतीपलीकडून आईची हाक यायची ती रजईतून आल्यासारखी. हे मी लिहितो आहे कारण पुढं प्रार्थनाघरातही तसंच झालं.

तांड्यावरची घरं कुडाची, वर गवत. त्यांचा कापूस बाहेर पडून काळा पडायला लागला, तेव्हा बाबांनी, ते मंडळीचे वडीलजन होते, पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवली आणि उत्तराची वाट न पाहता प्रार्थनाघर उघडून दिलं. दगडी भिंती, वर कौलं, दाराला कुलूप. आमच्या अकरा घरांचा, तांड्याचा, गावातल्याही काही जणांचा कापूस तिथं आला. व्यासपीठाच्या पुढं वीसेक माणसं मांडी घालून बसतील एवढी जागा उरली. बाकी सगळं पांढरं. रविवारी आम्ही भजन म्हणायचो तेव्हा आवाज भिंतीला लागून परत यायचा नाही. आपलंच गाणं आपल्याजवळ बसून राहायचं. तांड्यावरच्या बाया कापूस पाहायला यायच्या आणि दारातूनच हात जोडायच्या. कापसाला की आमच्या देवाला, ते आम्ही विचारलं नाही.

पहाऱ्याचा नियम बाबांनी घातला होता. दाराबाहेर ओट्यावर एक जर्मनचं गंज, म्हणजे पातेलं, ठेवलेलं असायचं. आत जाणाऱ्यानं, मग तो पाळक का असेना, काड्यांची डबी, बिडीबंडल त्यात काढून ठेवायचं. दुपारचा पहारा माझा. दिवस कलला की थावरूमामा यायचा आणि मी किल्ली त्याच्या हातात द्यायचो.

थावरूमामा तांड्यावरचा. तरुणपणी यवतमाळच्या जिनिंगमध्ये हमाल होता, मग मोहाची दारू गाळायचा, आणि गाळायचा त्याहून जास्त प्यायचा. आईला त्यानं बहीण मानलं होतं, म्हणून माझा मामा. आमच्या मंडळीत येऊन त्याला तीन वर्षं झाली होती, पण अजून तो मागं दाराजवळ बसायचा. त्याची प्रार्थना सगळ्यांना पाठ होती, कारण ती तो रस्त्यानं चालताना, बैल सोडताना, जेवायला बसताना मोठ्यानं म्हणायचा. अर्धी तांड्याच्या गोर बोलीत, अर्धी आमच्या बोलीत. "बापा, मी कच्चा गडी आहो. मले धरजो." एवढीच.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे जागृतीच्या सभा झाल्या. खरेदी केंद्राच्या रांगेत गाडीवानांच्या संगतीनं मला बिडी लागली होती, आणि आमच्या मंडळीत बिडी आणि दारू यांत फार फरक करत नसत. शेवटच्या दिवशी मी उभा राहिलो आणि साक्ष दिली. मी बिडी सोडली, मी मनाशी ठरवलं आणि सुटली, परत मी तिला शिवणार नाही. बाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला पाळक करायला शास्त्राच्या शाळेत पाठवायचं तेव्हाच त्यांच्या मनात आलं. माझ्यानंतर थावरूमामा उभा राहिला.

"माही काही सुटली नाही अजून," तो म्हणाला. "आज सकाळी नाही पेलो. आता दुपार होऊन राह्यली. संध्याकाळचं मांगून राह्यलो."

लोक हसले. मीही हसलो. घरी येताना मी त्याला म्हणालो, "मामा, एकडाव ठरवून टाका ना. रोज रोज देवाले कायले तरास देता?"

"तू मजबूत गडी आहेस, भाऊ," तो म्हणाला. "कच्च्या कुडाले टेकू लागते."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो खरंच मला मजबूत समजत होता.

चैत्र लागला. कापूस तसाच. एका शनिवारी दुपारी मी पहाऱ्याला आत बसलो होतो. भजनाच्या पुस्तकाचा कणा फाटला होता, त्या पोकळीत मी एक बिडी सरकवून आणली होती, आणि सदऱ्याच्या दुमडीत एक काडी आणि डबीच्या बाजूचा एक तुकडा. बाहेरच्या गंजात मी काहीच ठेवलं नाही, माझ्याजवळ ठेवण्यासारखं काही असतं हे कोणाला माहीत होतं? आतच का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बाहेर सगळीकडे डोळे होते, आणि आतली किल्ली माझ्या खिशात होती, एवढंच उत्तर मिळतं.

मी पुढं आयुष्यभर मोहावर उपदेश केले, म्हणून हे नीट लिहितो. मला कोणी ओढलं नाही. छातीत काही धडधडलं नाही. मला फार इच्छाही नव्हती. वाटलं की आपण सोडलेलीच आहे, सोडलेल्या माणसानं एक ओढली तर काय होतं. देवाजवळ मागायचं सुचलं नाही असंही नाही. सुचलं. मी मनात म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी त्याला काय हाक मारायची. माझं पडणं तिथं झालं, काडी ओढली तिथं नाही.

चार झुरके झाले असतील, बाहेर बाबांचा खोकला ऐकू आला. मी बिडी फरशीवर चोळली, विझली असं वाटलं, आणि भिंतीकडच्या कापसाखाली सरकवली. दार उघडून मी ओट्यावर आलो. बाबा ताक घेऊन आले होते. ऊन फार आहे, पिऊन घे, म्हणाले. मी प्यालो. तोंडाचा वास ताकात गेला. संध्याकाळी थावरूमामा आला, आपली डबी गंजात ठेवली, बंडी झटकून दाखवली, दोन्ही हात वर करून हसला. मी किल्ली दिली.

दाबून भरलेल्या कापसात विस्तव पेटत नाही. तो आतल्या आत चालतो, हळूहळू, धूर न दाखवता. एक एक दिवस चालतो. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. थावरूमामाला माहीत होतं.

रविवारी बाबा प्रार्थना करत होते, आम्ही सगळे डोळे मिटून. मधेच मागून हळू आवाज आला.

"बाबूजी, कापूस जळून राह्यला."

बाबा थांबले नाहीत. कोणीतरी शू केलं. मी डोळे उघडले तर थावरूमामा उठून कापसाच्या ढिगापाशी गेला होता. त्यानं बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि अडलेल्या गायीचं वासरू चाचपावं तसा हात कापसात घातला. "इथं थंड आहे." हात काढला, दोन पावलं सरकला, पुन्हा घातला. "इथंबी थंड." तिसऱ्या ठिकाणी त्याचा चेहरा बदलला. हात त्यानं काढलाच नाही, दुसराही आत घातला. मला ती जागा ठाऊक होती. भिंतीकडची.

"धावू नका," तो म्हणाला. "दोन्ही दारं उघडू नका, हवा लागन तं सारं जाईन. मी याले दाबून धरतो. तुम्ही बाकीचं बाहेर काढा. पोती ओली करून आणा."

त्यानं तो धगधगता गोळा बाजूच्या कापसासकट दोन्ही हातांनी आवळून धरला होता, हवा लागू नये म्हणून. आणि त्याचं म्हणणं सुरू झालं. बापा, धरजो. बापा, मले धरजो. बाबांनी शास्त्र बंद केलं. मग जे झालं ते मी आजही डोळ्यांसमोर आणतो. अकरा घरांतली माणसं, मग गावातली, मग तांड्यावरच्या बाया, कोणी कोणाला न विचारता रांगेत उभी राहिली आणि कापूस कवेत घेऊन एकमेकांना देऊ लागली. ओरडा नाही. कापसामुळे पावलांचाही आवाज नाही. चैत्राच्या उन्हात प्रार्थनाघराचं अंगण पांढरं होत गेलं, कुंपणापर्यंत, रस्त्यापर्यंत, आणि आतून फक्त एका माणसाचा आवाज येत राहिला. मी त्याच्यापासून चार हातांवर कापूस ओढत होतो. त्याच्या कपाळाचा घाम नाकावरून गळत होता, पण आवाज तसाच होता, भाकर मागावी तसा. मला वाटलं, खोलीत आणखी कोणीतरी उभं आहे. हे मी उपदेशात कधी सांगितलं नाही, कारण लोक मग विचारतात, तुम्ही काय पाहिलंत. मी काही पाहिलं नाही. पण मान वर करण्याची माझी हिंमत झाली नाही.

ओली पोती आली. भोवतालचा कापूस निघाला तसा त्यानं तो गोळा ओल्या पोत्यात लपेटला, छातीशी धरला आणि दारातून चालत, धावत नव्हे, चालत बाहेर गेला. रिकाम्या जागी टाकला तेव्हा हवा लागून त्याचा भडका माणसाएवढा उठला. जळाला तो दोन पोत्यांएवढा कापूस. बाकी सगळ्यांचा वाचला. मामाचे हात तळव्यांपासून मनगटापर्यंत सोलले गेले होते. आईनं आपलं नेसूचं नवं पातळ फाडलं.

दुपारी बाबांना फरशीवर बिडीचं थोटूक सापडलं, लाल दोऱ्याचं. आमच्याकडे सगळे लाल दोऱ्याचीच बिडी ओढायचे. तांड्यावरही.

मंडळीचे तीन पंच ओट्यावर बसले. बाबांनी पहिल्यांदा मला विचारलं, पण विचारलं म्हणजे काय, म्हणाले, "शमू, तू तं साक्ष दिली आहे. तुह्याकडून काही झालं नसन." मी म्हणालो, नाही, बाबा. माझ्यानंतर मामाची पाळी.

"थावरू, खरं सांगजो. तू वढली काय?"

"मी नाही वढली, बाबूजी."

"नक्की?"

मामानं आपल्या हातांकडे पाहिलं. हात पातळाच्या चिंध्यांत बांधलेले, मांडीवर उताणे ठेवलेले. मग म्हणाला, "माह्यानं वढणंच होत नाही, असं मी कसं म्हणू? रात्रभर तलप येते. चारदा उठून त्या गंजापाशी गेलो. बापानं धरलं म्हून नाही वढली. त्यानं सोडलं असतं तं वढली असती."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरीकडे कुठं हे बोलणं सरळ समजलं असतं. आमच्यात साक्ष म्हणजे काय असते हे ठरलेलं होतं. मी सोडलं, मी जिंकलो, मी परत शिवणार नाही. असं छातीवर हात ठेवून म्हणणारा मोकळा, आणि मी कच्चा आहे म्हणणारा अर्धा कबूल झालेला. माझं एक 'नाही' त्यांना पुरलं. त्याचं एवढं मोठं खरं बोलणं त्यांना कमी पडलं.

ठरलं की थावरूनं कबूल होईपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे मंडळीत ताटातून वाटतात तो भाकरीचा तुकडा, घेऊ नये. बाबांनी ते रडवेल्या आवाजात सांगितलं, ते वाईट मनाचे नव्हते. "अरे, कबूल हो. हात जाळून घेतले तू, सारे माफ करतीन. एक शब्द म्हण."

"जे केलं नाही ते केलं म्हणू तं ते खोटं होईन," मामा म्हणाला. "तेवढं नका मांगू मले, बाबूजी. बाकी काही मांगा."

मी ओट्याच्या खांबाला टेकून उभा होतो.

त्यानंतरच्या एका बाजाराच्या दिवशी बाबांनी मला त्याच्यासोबत बोरी अरबला पाठवलं. हातांना मलम आणायचं होतं, आणि त्याला काही धरता येत नव्हतं, म्हणून गाडी मी हाकली. मलम घेऊन येताना बाजाराच्या टोकाशी त्याचे जुने सोबती बसले होते, गुत्त्याच्या समोर.

"ये थावऱ्या," एकानं हाक मारली. "आइकलं तुह्या देवानं तुले जातीबाहेर काढलं म्हणते. मंग आता काहून भेतं? ये, बस."

"देवानं नाही काढलं," मामा म्हणाला. "मानसायनं."

"एकच झालं. हात दुखत असतीन. दोन घोट घे, दुखणं जाते."

"हातानं गिलास धरता येत नाही त्याले," दुसरा म्हणाला, "मी पाजतो, लहान लेकरावानी." सगळे हसले. मामाही जरासा हसला, आणि तेव्हाच मी पाहिलं की त्याचे पाय तिकडं वळले होते. दोन पावलं तो गेलासुद्धा. मग कडेच्या निंबापाशी थांबला आणि बांधलेल्या दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली, जसं वाहत्या पाण्यात माणूस झाडाला धरतो. डोळे मिटले. भर बाजारात, माणसं येत-जात असताना, मोठ्यानं म्हणाला, "बापा, आता नाही होत. पाय माहे आइकत नाही. कोणालेतरी पाठव."

सोबत्यांचं हसणं थांबलं. मीही बैलांचे कासरे हातात धरून गाडीवर बसून राहिलो. खरं सांगतो, मी वाट पाहत होतो. कोण येतं ते मला पाहायचं होतं.

मामानं डोळे उघडले. बाजारात इकडं तिकडं पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर थांबली. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद आला की मी मागं वळून पाहिलं, माझ्यामागं कोणी आहे का.

"भाऊ," तो म्हणाला, "ये. मले धरून ने."

मी उतरलो. मी त्याचं कोपर धरलं, कारण हात धरण्यासारखे नव्हते, आणि त्याला गाडीपर्यंत आणलं. वीस पावलं असतील. त्या वीस पावलांत मला कळलं की देव मदत पाठवताना माणूस स्वच्छ आहे का हे पाहत बसत नाही, जवळ कोण आहे ते पाहतो. ज्याच्या नावावर मी डाग पाडला, त्याच्याच कोपराला त्यानं मला लावलं. मला शिक्षा झाली असती तर मी इतका घाबरलो नसतो. माझा उपयोग झाला, त्याची मला भीती वाटली, आणि ती भीती अजून गेलेली नाही.

वाटेत सांगून टाकायचं मी ठरवलं. नाला ओलांडला की सांगू, मग टेकाड चढलं की सांगू. टेकाड चढलं तेव्हा मामा गाडीत झोपला होता, पोत्यावर डोकं ठेवून.

पुढच्या पावसाळ्यात मी शास्त्राच्या शाळेत गेलो, बाबांच्या शिफारशीवर. प्रभुभोजनाचं ताट थावरूमामासमोरून न थांबता पुढं जात राहिलं, पुष्कळ दिवस. तो दर रविवारी यायचा, दाराजवळ बसायचा, आणि ताट पुढं गेलं की शेजारच्याला वाट करून द्यायला गुडघा आत घ्यायचा. नंतर नवे पाळक आले. त्यांनी जुनं काही विचारलं नाही आणि ताट त्याच्यासमोर धरलं. त्या दिवशी मी तिथं नव्हतो. आईनं पत्रात कळवलं, थावरूदादा भाकरीचा तुकडा खूप वेळ तळव्यावर घेऊन बसला होता. बाबांना यातलं काही न कळताच ते वारले. मी त्यांच्या दफनाच्या वेळी बोललो, त्यांच्या खरेपणावर.

मामाला सांगायला मी शेवटचा गेलो तेव्हा तो तांड्यावर बाजेवर पडून होता. नजर गेलेली, पण आवाजावरून ओळखलं. नात चहा ठेवून गेली. हातांची बोटं एकमेकांना चिकटून वाळली होती, तळव्यांची कातडी मेणासारखी. मी वाक्य तयार करून गेलो होतो, आमच्या बोलीत, उपदेशाच्या भाषेत नाही. मामा, ती बिडी माही होती. मले माफ कर. दोनच वाक्यं. रस्ताभर म्हणत गेलो होतो.

तोच आधी बोलला. "भाऊ, बजारात त्या दिवशी तू नसता तं मी गेलोच असतो. रोज तुह्यं नाव घेतो मी बापापाशी. म्हणतो, यानं मले धरलं, याले धरजो."

मी चहाची कपबशी खाली ठेवली.

"मामा," मी म्हणालो, "ती बिडी..."

"काय?"

तो थांबून राहिला, चेहरा माझ्याकडं केलेला. बाहेर कोणीतरी बकऱ्यांना हाकत होतं.

"काही नाही," मी म्हणालो. "हात दुखतात काय अजून?"

"थंडीचे दुखतात," तो म्हणाला, आणि मला पाहता यावेत म्हणून दोन्ही हात पुढं केले.